गोमुखला जाताय? एक दिवस जास्तीचा ठेवा!

‘चल आई, सहा दिवसांत गोमुख करून येऊ!’ मी म्हणून मोकळी झाले. दर रविवारी सिंहगड चढणारी मी. गंगोत्रीपासून जेमतेम अठरा किलोमीटर, त्यात काय!

मग आकडे बघितले आणि गार पडले. सिंहगड १,३०० मीटर. गंगोत्री गावच ३,१०० मीटरच्या आसपास आणि हिमनदीचं मुख, म्हणजे गोमुख, जवळपास ४,००० वर! तिथल्या विरळ हवेत नुसता स्टॅमिना पुरत नाही, शरीराला वेळ द्यावा लागतो.

प्लॅन बदलला. उत्तरकाशीत एक मुक्काम, गंगोत्रीत दोन, मग भोजबासा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून सप्टेंबरअखेर. परवाना आधीच काढायचा. रोज १५० जणांनाच सोडतात.

आणि भोजबासाला आईचं डोकं दुखलं, मळमळलं तर? गोमुख चार किलोमीटरवर असलं तरी पुढे जायचं नाही. त्रास वाढला तर तडक खाली. हे पुण्यातच ठरवलंय, कारण तिथे मोह आवरणार नाही.

आईला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘अगं, भोजबासालाही गंगाच वाहते ना?’