कॉलेजचे पहिले वर्ष : कागद, पैसा आणि पास

बारावीचा निकाल लागला की कोसाड, अमरोली, उत्राण भागातल्या आपल्या घरांत पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. कुठले कॉलेज, किती फी, कोणते दाखले? आपली पुष्कळ घरे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाईनने इथे आली आणि लूम, डाइंगच्या कामात स्थिरावली. घरातले पहिलेच मूल कॉलेजात जाते, तेव्हा विचारायला घरात कोणी नसते. आम्ही काही निवृत्त मंडळी निकालानंतर मुलांचे फॉर्म भरायला बसतो. तिथे दर वर्षी ज्या चुका दिसतात, त्या इथे मांडत आहोत.

नाव आणि मोबाइल नंबर

आपला ‘पाटील’ इथल्या कागदावर कधी ‘पटेल’ होतो, ते कळतही नाही. मार्कशीटवर एक, आधारवर दुसरे, पासबुकात तिसरे, असे प्रकार आम्ही बँकेच्या काउंटरवर आयुष्यभर पाहिले. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते. नाव जुळले नाही की पैसे अडकतात. म्हणून तिन्ही कागद आजच शेजारी शेजारी ठेवून वाचा.

गुजरातच्या सरकारी विद्यापीठांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे प्रवेश २०२४ पासून ‘जीकॅस’ या एकाच पोर्टलवरून होतात. आपले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठही त्यात आहे. फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर घरचाच द्यावा. दुकानदाराचा नंबर दिला तर प्रवेशाचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि मुदत टळते.

गावाकडचा जातीचा दाखला

हा सर्वांत नाजूक विषय. ‘आमच्याकडे महाराष्ट्राचा दाखला आहे’ असे म्हणून पालक निश्चिंत असतात. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला मूळ राज्याच्या दाखल्यावर नव्या राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा १९९० चा निकाल आहे. एसव्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांचे नियम वेगळे असतात. आपले कुटुंब इथे केव्हापासून आहे, त्याचे जुने पुरावे घेऊन मामलतदार कचेरीत आधीच चौकशी करा. प्रवेशाच्या आठवड्यात तिथे फक्त रांग मिळते. उत्पन्नाचा, म्हणजे इथे ज्याला ‘आवकचा’ म्हणतात तो दाखलाही त्याच फेरीत काढून घ्यावा.

टक्के आणि पर्सेंटाइल

मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत फीसाठी मदत मिळते. बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, या तिच्या मुख्य अटी. यात आपल्याच भागातल्या एका घराचे नुकसान झाले. मुलीला ७१ टक्के होते. वडील म्हणाले, ‘८० नाहीत, आपले काम नाही.’ आम्हीही मान डोलावली. आईचे मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरली गेली. मुदत संपल्यावर मार्कशीट नीट पाहिली, तर पर्सेंटाइल रँक ८० च्या वर होता. टक्के म्हणजे १०० पैकी किती गुण. पर्सेंटाइल म्हणजे १०० मुलांत किती मुलांच्या पुढे. पर्सेंटाइल रँक मार्कशीटवर छापलेला असतो. मंगळसूत्र पुढे सुटले, पण ती चूक आमच्या मनातून गेलेली नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच.

कर्ज घ्यायचेच तर

साध्या बी.कॉम.ला सहसा कर्जाची गरज पडत नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीला पडू शकते. तेव्हा सावकार किंवा सोने गहाण हा पहिला रस्ता नसावा. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साधारण ७.५ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. पालक सहकर्जदार असतात. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून लागते, हे विसरू नका. समजा ३ लाख कर्ज १० टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचे व्याज २,५०० रुपये. तेवढे दरमहा भरत गेलात तर नोकरी लागेपर्यंत ओझे वाढत नाही.

कर्ज किंवा फी भरण्याआधी कॉलेजला विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते विद्यापीठाच्या यादीत पाहा. आणि मूळ मार्कशीट कॉलेजने ठेवून घ्यायची नसते. तपासून परत द्यावी, असा यूजीसीचा नियम आहे.

रोजचा प्रवास

कोसाड स्टेशनवरून उत्राण आणि मग सूरत, एवढेच अंतर. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या सीझन पासात सवलत असते. मुलींना तर पदवीपर्यंत घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्मवर सही-शिक्का आणायचा, इतकेच काम. ‘येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही’ म्हणून मुलीला घरी बसवण्याआधी हा फॉर्म जरूर भरा.

पहिले सहा महिने

मनपाच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना गुजराती किंवा इंग्रजी लेक्चर सुरुवातीला डोक्यावरून जाते. मुले घरी सांगत नाहीत, लाजतात, मग लेक्चर बुडवू लागतात. त्यात रात्रपाळीचे काम धरले की पहिल्याच सेमिस्टरला विषय राहतात. काम करून शिकणे वाईट नाही. आमच्यातले काही जण तसेच शिकले. पण पहिले सेमिस्टर मुलांना मोकळे द्या. रोज लेक्चरला बसणे, रोजची वही त्याच संध्याकाळी पुन्हा वाचणे आणि न कळलेला शब्द निःसंकोच विचारणे, एवढी शिस्त दिवाळीपर्यंत टिकली की गाडी रुळावर येते.

पालकांनीही एक करावे. ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘आज काय शिकवले?’ असे विचारावे. आपल्याला त्यातले कळले नाही तरी चालेल. सांगता सांगता मुलाचे त्याला कळते.

कागदांची फाईल घेऊन मुलांनी आमच्याकडे यावे. या वेळी मार्कशीट आम्ही दोनदा वाचणार आहोत.