विमानाचं ‘ॲव्हरेज’

गाडी घेताना आपण आधी विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ घरी विमान बांधणाऱ्यालाही हा प्रश्न चुकत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. कंपनीच्या विमानासोबत इंधनाचे तक्ते मिळतात, घरच्या विमानाचे मात्र उडवून उडवूनच तयार करावे लागतात.

मैत्रिणींनो, आपल्याला वाटतं, हळू गेलं की इंधन वाचतं. विमानाचं तसं नाही हं! फार हळू गेलं, तर तरंगत राहण्यासाठी नाक वर धरावं लागतं आणि इंजिनावर ताण येतो. फार वेगात गेलं, तर समोरची हवा अडवते. वेग दुप्पट, तर हा विरोध चौपट! काटकसरीचा वेग या दोन्हींच्या मधे असतो.

तो शोधायची रीत साधी आहे. समजा, नांदेडहून लातूरकडे शांत हवेत, एकाच उंचीवर निघालो. एक वेग धरायचा, तासाला किती लिटर जातं ते लिहायचं. मग वेग थोडा कमी करून पुन्हा नोंद. परततानाही तेच, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटंफाट. तासाच्या किलोमीटरला तासाच्या लिटरनं भागायचं. सर्वांत मोठा आकडा देईल, तो आपला वेग. समोरून वारा असेल, तर मात्र थोडं जोरात जाणंच परवडतं.

उतरताना टाकीत थोडं इंधन शिल्लक हवंच. वहीतला हिशेब चुकला, तर आभाळात कुठला आलाय पेट्रोलपंप?