मेलची राखण: पनवेलमधला एक दिवस

सकाळी ८.००
न्हावा शेवाचे क्लिअरिंग एजंट, कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले, तळोज्याचे कारखाने यांचे मेल आम्ही सांभाळतो. दिवसाचं पहिलं काम म्हणजे रात्री फिल्टरने अडवलेले मेल चाळणं. स्पॅमच्या ढिगात एखादी खरी डिलिव्हरी ऑर्डर अडकली, तर कंटेनर बंदरातच पडून राहतो आणि पार्टीला भुर्दंड बसतो. म्हणून फिल्टर हवा तेवढा आवळता येत नाही.

९.३०
एका स्टीलच्या व्यापाऱ्याची कोटेशन्स गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातायत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडे मेल खरंच त्याच्या डोमेनवरून निघाल्याची खूण, म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम, मागतात. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला दोन्ही आणि वर डीमार्कही लागतं. यांच्या डोमेनवर यातलं काहीच नव्हतं. तिन्ही नोंदी टाकून दिल्या.

११.००
एका ऑफिसातून अकाउंट्सच्या ताईंचा फोन. "दादा, फ्रेटवाल्यांचा मेल आलाय, बँक खातं बदललंय म्हणतात. पैसे सोडू का?"
"थांबा ताई. आधी त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावा."
खातं बदललेलंच नव्हतं. मेलचं हेडर उघडलं तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही पास! मग पत्ता अक्षर अक्षर वाचला. कंपनीच्या नावात इंग्रजी 'एम' होता, तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. बारीक टायपात फरक दिसतच नाही. डोमेन आदल्याच दिवशी नोंदवलेलं. मेल त्याच डोमेनवरून निघाला, एवढंच त्या तीन तपासण्या सांगतात. डोमेन घेणारा सज्जन आहे की चोर, हे त्यांना कळत नाही.

१२.००
आमच्या फिल्टरमध्ये ते डोमेन बंद केलं. पण तेवढ्याने फक्त आमची गिऱ्हाइकं वाचली. तोच मेल आणखी कुठल्या ऑफिसात पोचला असेल, कोण जाणे. तो सगळीकडे थांबवणं डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या हातात असतं. त्याने डोमेन 'होल्ड'वर टाकलं की ते इंटरनेटवर सापडेनासं होतं. ५ एप्रिल २०२४ पासून, डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्या करारानुसार, फिशिंगचा, म्हणजे खोटं नाव लावून फसवण्याचा, पुरावा मिळाला की डॉट कॉमसारख्या डोमेनच्या रजिस्ट्रारला पावलं उचलावीच लागतात. नुसत्या जाहिरातींचा स्पॅम मात्र त्यात येत नाही. म्हणून तक्रारीत 'फिशिंग' असं स्पष्ट लिहिलं. पूर्ण हेडर, मूळ मेल आणि खऱ्या कंपनीचं डोमेन जोडलं. 'आम्हाला स्पॅम येतोय' एवढ्यावर कुणी हलत नाही.

दुपारी ३.००
दुसरी तक्रार वेगळी. फसवा मेल एका खऱ्या कारखान्याच्या हॅक झालेल्या खात्यातून आलेला. इथे डोमेन बंद केलं तर त्या कारखान्याचाच धंदा बसेल. त्यांना फोन करून पासवर्ड बदलायला आणि मेल परस्पर पुढे पाठवणारे नियम काढायला सांगितलं.

५.३०
एका ऑफिसात सगळ्यांना बसवून बँकांच्या वेबसाइटचे नवे पत्ते दाखवले. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. त्याची नोंदणी फक्त रिझर्व्ह बँकेची आयडीआरबीटी ही संस्था करते आणि ती बँकांनाच मिळते. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, हेही सांगितलं.

७.००
सकाळचं डोमेन होल्डवर गेलंय. चांगलं झालं, पण ते विकलं गेलं तेव्हाच कुणी नाव नीट पाहिलं असतं, तर ताईंना फोन करायची वेळच आली नसती. गिऱ्हाईक पारखून डोमेन देता येतं, हे बँकांच्या बाबतीत करून दाखवलंय. ती काळजी प्रत्येक रजिस्ट्रारने घ्यायला हवी, आणि तोवर प्रत्येक फसव्या डोमेनची तक्रार आपण करायलाच हवी.