तबकडीला लाखोंचा भाव. गायकाच्या पदरात काय?

काही महिन्यांपूर्वी एक तरुण माझ्याकडे पत्र्याची जुनी ट्रंक घेऊन आला. आजोबा वारले, घराची डागडुजी काढली, तेव्हा माळ्यावर ही ट्रंक सापडली. आत चाळीस-पन्नास तबकड्या होत्या. काही सिनेमाच्या, काही कव्वालीच्या, काही भीमगीतांच्या. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता. मित्राने सांगितले होते, इंटरनेटवर लिलावाला लाव, परदेशातले शौकीन लाखो रुपये देतात. तरुणाचा प्रश्न मात्र वेगळाच होता. त्याने विचारले, "सर, ह्या विकल्या तर गाणाऱ्याच्या घरच्यांना काही द्यावे लागते का?"

मी म्हणालो, "नाही." कायद्याप्रमाणे उत्तर बरोबर होते, पण ते देताना मन स्वस्थ नव्हते. हे 'नाही' कुठून आले, ते आंबेडकरी वाचकांनी समजून घेणे गरजेचे आहे.

तबकड्यांचा ऑनलाइन बाजार मुख्यतः अमेरिकेत उभा राहिला. १९९५ साली ईबे सुरू झाले आणि जुन्या दुकानांत, गोदामांत धूळ खात पडलेल्या तबकड्यांना जगभरचे गिऱ्हाईक मिळाले. २०१३ साली याच ईबेवर ७८ च्या वेगाची एक तबकडी ३७ हजार १०० डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे तेवीस लाख रुपये होतात. त्या तबकडीच्या दोनच प्रती तेव्हा माहीत होत्या. घेणाऱ्या व्यापारी-संग्राहकाकडे पहिली प्रत आधीच होती, ही दुसरी त्याने जोडली. नवी असताना अशी तबकडी ७५ सेंटला मिळे. म्हणजे भाव सुमारे ४९ हजार पटींनी वाढला!

या तबकडीवरचा आवाज कोणाचा? मिसिसिपी राज्यातील टॉमी जॉन्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचा. ज्या पॅरामाउंट कंपनीने ती काढली, ती मुळात खुर्च्या बनवणाऱ्या विस्कॉन्सिन चेअर कंपनीचा जोडधंदा होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटे खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांना विकायच्या तबकड्यांना त्या धंद्यात 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत आणि पॅरामाउंटने त्यांच्यासाठी १२ हजारांपासून सुरू होणारी वेगळी क्रमांकमाला ठेवली होती. आपल्याकडे पाणवठे वेगळे होते, तिथे तबकड्यांचे क्रमांकही वेगळे होते. या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, ती लाख त्या काळी मोठ्या प्रमाणात आपल्या छोटा नागपूरच्या आदिवासी पट्ट्यातून जगभर जात असे. लाख गोळा करणारा आणि गाणारा, दोघेही एकाच उतरंडीच्या तळाशी होते, हे वास्तव नाकारता येणार नाही.

टॉमी जॉन्सनने १९२८ ते १९२९ या काळात मोजकीच गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर १९५६ साली मरेपर्यंत तो गात राहिला, पण पुन्हा कधी त्याची तबकडी निघाली नाही. व्यसन हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण वकील म्हणून मला अधिक अस्वस्थ करते. त्याच्या एका गाण्याची चाल दुसऱ्या वादकांनी वापरली आणि ती लोकप्रिय झाली. त्यावरून तडजोडीच्या कागदावर त्याची सही घेतली गेली असे सांगतात. कागदात काय आहे हे कळण्याच्या अवस्थेत तो नव्हता. आपण ध्वनिमुद्रणाचा हक्कच कायमचा लिहून दिला, असा त्याचा समज झाला आणि त्या चुकीच्या समजापोटी एक माणूस जवळजवळ सत्तावीस वर्षे माइकपासून दूर राहिला. कागद वाचून दाखवणारा एक माणूस जवळ असता तर?

त्याच्या कबरीची हकिकत तर आपल्या गावातली वाटावी अशी आहे. कुटुंबीयांनी २००१ मध्ये त्याच्यासाठी स्मृतिशिला करवून घेतली. गायिका बॉनी रेट हिने त्यासाठी पैसे दिले. पण दफनभूमीभोवती खासगी शेतजमीन, तिथे जाण्याच्या वाटेचा वाद, म्हणून शिला कित्येक वर्षे कबरीवर बसवता आली नाही. अखेर २०१२ मध्ये ती बसवली गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोणीतरी ती फोडून टाकली. त्याच वर्षी त्याच्या एका तबकडीला ३७ हजार १०० डॉलर आले. स्मशानाच्या वाटेसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या बांधवांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कोणी म्हणेल, वारसांनी न्यायालयात का जाऊ नये? गेले होते. बेसी स्मिथ ही ब्लूजची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाणारी गायिका. कोलंबिया कंपनीने तिला दर गाण्यामागे ठोक रक्कम दिली, विक्रीवर रॉयल्टी दिली नाही. तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी तिच्या बाजूने सीबीएस कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला. १९७९ साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने तो प्रामुख्याने मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला. ज्यांना वेळेवर वकील मिळत नाही, त्यांच्यासाठी न्यायालयाचे दार असे तारखेवर बंद होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तबकडी ही वस्तू आहे आणि तीवरचे गाणे हा वेगळा हक्क आहे. वस्तू एकदा रीतसर विकली गेली की तिचा मालक ती पुन्हा कितीलाही विकू शकतो. अमेरिकेत हे तत्त्व १९०८ पासून मान्य आहे. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. त्याच तत्त्वामुळे आपल्या वस्तीतील मूल जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वस्तात पुस्तक घेऊन शिकू शकते. संग्राहकांना शिव्या घालण्यातही अर्थ नाही. पॅरामाउंटच्या धातूच्या मूळ साच्यांपैकी बहुतेक भंगारात गेले. आज टॉमी जॉन्सनची ती गाणी ऐकू येतात ती कोणीतरी त्या तबकड्या जपल्या म्हणून.

परंतु चित्रकाराला कायद्याने जे दिले, ते गायकाला का नाही? फ्रान्सने १९२० सालीच चित्रकाराला चित्राच्या पुनर्विक्रीत वाटा दिला. युरोपीय संघाने २००१ मध्ये त्यासाठी निर्देश काढला. आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. मूळ चित्र, शिल्प किंवा साहित्य-संगीताचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. कॉपीराइट लिहून दिला असला तरी हा हक्क जात नाही. म्हणजे एखाद्या शाहिराची स्वतःच्या हाताने लिहिलेली गाण्यांची वही लिलावात गेली तर त्याच्या वारसांना हे कलम वापरता येते. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याच शाहिराची तबकडी विकली गेली तर मात्र वारसांच्या हाती काहीच नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, चित्र एक असते, तबकड्या हजारोंनी निघतात, त्यांची विक्री कोण मोजणार? जुन्या बाजारातील फुटकळ विक्रीसाठी हा आक्षेप खरा होता. ऑनलाइन लिलावात तो टिकत नाही. तिथे प्रत्येक बोली, प्रत्येक किंमत, विकणारा आणि घेणारा यांची नोंद राहते. संकेतस्थळ प्रत्येक विक्रीतून स्वतःचे कमिशन न चुकता कापते. ज्याला स्वतःचे कमिशन कापता येते, त्याला मोठ्या विक्रीवर गायकाचा एक टक्काही कापता येईल. प्रश्न हिशेबाचा नाही, इच्छेचा आहे. दोनच प्रती उरल्या म्हणूनच त्या तबकडीला भाव आला. मग ती चित्राइतकीच दुर्मीळ नाही काय? एका ठरावीक किमतीच्या वरच्या विक्रीला हे कलम लागू करावे, ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडली पाहिजे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे पडले आहे. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा आणि गायक-वादकांना व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्यातून आला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आग्रहाने बाजू मांडली होती. पण त्याआधी ठोक पैशावर गाऊन गेलेल्या पिढीला या दुरुस्तीचा आधार नाही.

त्या तरुणाला मी व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगितल्या. लाखो मिळतात ते अपवादाने. सिनेमाच्या खपाऊ तबकड्यांना फारसा भाव येत नाही. भाव ठरतो तो किती प्रती उरल्या, ओरखडे किती, मूळचे वेष्टन आहे का, यावर. दुसरे म्हणजे लिलावातला आकडा म्हणजे हातातले पैसे नव्हेत. २००६ मध्ये व्हेल्वेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडची एक चाचणी तबकडी ईबेवर आली. विकणाऱ्याने ती जुन्या बाजारात ७५ सेंटला घेतली होती. बोली १ लाख ५५ हजार ४०१ डॉलरपर्यंत चढली आणि ती खोटी निघाली. पुन्हा लिलाव झाला तेव्हा २५ हजार २०० डॉलर आले. तिसरे, भाव चढवण्यासाठी स्वतःच्या मित्राकरवी बोली लावायची नाही. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे विक्रेत्याने खोट्या बोलीने किंमत वाढवली तर खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते. चौथे, आधी प्रत्येक तबकडी संगणकावर उतरवून घे आणि यादी कर. मग विकायचे की नाही ते ठरव.

पंधरा दिवसांनी तो यादी घेऊन आला. लेबल, क्रमांक, गायक, कवी, संगीतकार असे रकाने केले होते. सिनेमाच्या तबकड्या तो विकणार आहे. त्याच्या बहिणीची फी भरायची आहे आणि त्यात काहीही गैर नाही. भीमगीतांच्या मात्र त्याने ठेवून घेतल्या. त्यातल्या सात तबकड्यांच्या यादीत कवीचा रकाना रिकामा होता, कारण लेबलवर कवीचे नावच नव्हते. तीन नावे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी गाणे ऐकताक्षणी सांगितली. चार अजून रिकामी आहेत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण वाटा मागायला आधी नाव लागते, आणि ती नावे सांगणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. ज्यांच्या घरी अशा तबकड्या, कॅसेटी, हाताने लिहिलेल्या वह्या असतील, त्यांनी त्या भंगारात घालू नयेत आणि घाईने लिलावालाही लावू नयेत. आधी गाणे उतरवून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवा आणि त्यांनी सांगितलेले नाव तारखेसह लिहून ठेवा. आणि आज गाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणत्याही कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद एखाद्या वकिलाला दाखवावा. आपल्या चळवळीतल्या वकिलांनी त्यासाठी फी घेऊ नये, एवढी विनंती मी माझ्याच व्यवसायबंधूंना करतो.