निग्रहाला सोबत हवी

तेलकट-गोड सोडायचा निश्चय चार दिवसांत ढासळत असेल, तर तळोदा तालुक्यातलं मोरवड आठवा. 1930च्या दशकात तिथल्या गुलाम महाराजांनी आदिवासी समाजाला दारू आणि मांस सोडण्याची हाक दिली आणि हजारोंनी ती मानली. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, दर सोमवारी आरतीला जमायचं. 1938मध्ये महाराज गेले, तरी बंधू रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली. मला यातली सोमवारची आरती सगळ्यात मोलाची वाटते. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि तेच व्रत धरलेली माणसं! शेजारची दोन घरं सोबत घेऊन आपणही असं करू शकतो.

याच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं 1999चं म्हणणं. ‘कमी खाईन’ हा मोघम संकल्प झाला. ‘चहासोबत भजी समोर आली, की मी फुटाणे घेईन’ असं आधीच ठरवलं, तर ते पाळलं जाण्याची शक्यता बरीच वाढते. फरसाणाचा डबा मात्र घरात आणूच नका. आणि उपाशी राहून निग्रह करू नका; ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, हिरवी भाजी पोटभर जेवा.