खोडदच्या शेजारी बिनतारी फोन

"काका, आमच्या टेकडीवरच्या डब्यावरून खालच्या वाड्यांना इंटरनेट चांगलं चाललंय. त्याच्यावरच फोन दिला तर चालंल का हो?"

जुन्नर तालुक्यातल्या एका केबलवाल्यानं मला हा प्रश्न विचारला. आधी टीव्हीची केबल, मग तिच्यावरून इंटरनेट आणि आता टेकडीवर बिनतारी यंत्र बसवून पलीकडच्या वाड्यांना इंटरनेट, असा त्याचा प्रवास. 'चालेल' किंवा 'नाही चालणार' असं एका शब्दात सांगून मोकळं होता आलं असतं. पण दुसरीकडे जे उत्तर बरोबर ठरेल, ते जुन्नर-आंबेगावात तसंच्या तसं बरोबर ठरत नाही. त्याचं कारण खोडदला उभं आहे. तिथवर जाण्याआधी थोडं मागे जाऊ या.

बिनतारी फोन या तालुक्याला मुळीच नवा नाही. १९७१ साली नारायणगावजवळच्या आर्वीला देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. पुढे त्याला डॉ. विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. तिथली सुमारे तीस मीटर व्यासाची थाळी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून असे आणि परदेशचे ट्रंक कॉल तिच्यातून जात. गंमत अशी, की आर्वीच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला स्वतः नाशिकला फोन लावायचा तर तासन् तास थांबावं लागे आणि त्याच्या बांधापासून हाकेच्या अंतरावरून लंडनची बोलणी चालत.

त्या उपग्रहाच्या फोनची एक खोड जुन्या लोकांना आठवत असेल. आपण बोलायचं आणि मग थांबायचं. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आवाज तिथवर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो. उत्तर यायला आणखी पाव सेकंद. या अर्ध्या सेकंदात माणसाला वाटतं की समोरच्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तो पुन्हा बोलतो. तेवढ्यात उत्तर येतं आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. ही अडचण लक्षात ठेवा, कारण इंटरनेटच्या फोनचं निम्मं शास्त्र तिच्याशीच झगडण्यात गेलं आहे.

जुना फोन कसा चाले? तुम्ही नंबर फिरवला की तुमच्यापासून समोरच्यापर्यंत एक अखंड वाट तुमच्या नावानं राखून ठेवली जाई. तुम्ही गप्प बसलात तरी वाट तुमचीच. इंटरनेटच्या फोनात अशी राखीव वाट नसते. तुमचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजमापाचा एक आकडा होतो. (आकड्यांचं म्हणाल तर नाणेघाटाच्या लेण्यात भारतातले फार जुने कोरीव अंक आहेत. या तालुक्याला आकडेमोड अपरिचित नाही.) असे वीस मिलिसेकंदांचे आकडे झाले की त्यांचं एक पाकीट करायचं, वर पत्ता लिहायचा आणि रवाना करायचं. सेकंदाला पन्नास पाकिटं जाणार, पन्नास येणार. ती इंटरनेटवरच्या बाकीच्या गर्दीतून, सिनेमा आणि फोटोंच्या ट्रकमधून वाट काढत जातात.

यातलं एखादं पाकीट हरवलं तर? पत्र हरवलं तर आपण दुसरं पाठवतो. आवाजाचं तसं करून भागत नाही. 'हो' म्हटल्याचं पाकीट दोन सेकंदांनी पुन्हा पोचलं तर त्याचा उपयोग काय? म्हणून हरवलेलं पाकीट सोडून द्यायचं, अशीच पद्धत आहे. शंभरात एखादं गेलं तर कानाला कळतही नाही. त्रास होतो तो पाकिटं मागंपुढं, अनियमित आली की. मग ऐकणाऱ्याच्या यंत्राला ती थोडा वेळ साठवून एका चालीत सोडावी लागतात आणि त्या साठवणीत पुन्हा वेळ जातो. तोंडापासून कानापर्यंत दीडशे मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर संभाषण स्वाभाविक वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक आहे. त्यापुढे गेलात की आर्वीच्या थाळीचे दिवस आठवू लागतात.

आता आमच्या केबलवाल्याचा हिशेब. तो म्हणाला, "एका फोनला लागतं किती? चौसष्ट किलोबिट. पत्ता धरून ऐंशी. जायचे ऐंशी, यायचे ऐंशी. माझं जुनं यंत्र अकरा मेगाबिटचं आहे. म्हणजे एका वेळी साठ-सत्तर फोन सहज!" भागाकार बरोबर आहे, उत्तर चूक. अशा जुन्या वायफायवर प्रत्यक्षात दहा-बारा फोन झाले की आवाज तुटायला लागतो.

असं का व्हावं? कारण हवा सगळ्यांची सामाईक असते. एका वेळी एकानंच बोलायचं. प्रत्येक पाकीट पाठवण्याआधी यंत्राला कानोसा घ्यावा लागतो, कोणी बोलत नाही ना हे पाहावं लागतं, थोडं थांबावं लागतं, मग सलामी द्यायची, मग पाकीट आणि मग समोरून 'पोचलं' अशी पावती. पाकीट मोठं असेल तर हा खटाटोप परवडतो. आवाजाचं पाकीट मात्र चिमुकलं असतं. एका मेथीच्या जुडीसाठी एक टेम्पो, असे सेकंदाला पन्नास टेम्पो. रस्ता मालानं भरत नाही, टेम्पोंनीच भरतो. आवाज आणखी दाबून आठ किलोबिटवर आणला तरी फार फरक पडत नाही. तेव्हा तर आतला मजकूर वीस बाइटचा आणि वरचा पत्ता चाळीस बाइटचा होतो. पत्रापेक्षा पाकीट जड! यावर उपाय आहेत. नवी यंत्रं अनेक पाकिटं एकत्र बांधून पाठवतात. बाहेर बसवायच्या चांगल्या यंत्रांत प्रत्येक घराला ठरावीक पाळी देता येते, आणि आवाजाच्या पाकिटाला सिनेमाच्या आधी वाट देण्याची सोय असते. केबलवाल्यानं ती सोय सुरूच केलेली नव्हती.

डोंगराचा प्रश्न वेगळाच. वायफायच्या लहरी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. या सरळ जातात, वळत नाहीत. टेकडीवरून वाडी दिसत असेल तरच काम होणार. पावसाच्या धारांनी त्यांचं फार बिघडत नाही, पण मध्ये एखादं झाड असेल तर त्याची ओली पानं लहरी पिऊन टाकतात. उन्हाळ्यात जोडलेला दुवा श्रावणात का रडतो, याचं उत्तर बहुधा हिरवं असतं.

डोंगराआड पोचायचं तर खालच्या लहरी बऱ्या. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी वळणं घेतात, झाडीतून, भिंतीतून थोड्याफार शिरतात. म्हणून मोबाईल कंपन्यांना खेड्यांसाठी त्याच हव्या असतात. आणि इथेच खोडद येतं.

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण जगभर 'जीएमआरटी' म्हणून ओळखली जाते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि जिद्दीतून ती उभी राहिली. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. ४ ऑक्टोबर २००१ ला ती राष्ट्राला अर्पण झाली. हीच जागा का निवडली? पुणं जवळ, वारा बेताचा आणि मुख्य म्हणजे भोवतालच्या डोंगरांमुळे बाहेरचा रेडिओ गोंगाट अडणारा. तेव्हा इथं गोंगाट करायला होतं तरी काय!

ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झची लहर सोडतो. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे लांबच्या दीर्घिकेतली लहर ताणली जाते, तिचा सूर उतरतो. २०२० साली खोडदहून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन टिपला गेला, तो साधारण ५८० ते ८२० मेगाहर्ट्झच्या दरम्यान. आणि ७०० मेगाहर्ट्झचा मोबाईलचा पट्टा? बरोबर त्याच्या पोटात. म्हणजे आदिवासी वाडीला जी लहर सगळ्यात सोयीची, तीच आकाशातून येते आणि दुर्बिणीला हवी असते. यात खलनायक कोणी नाही.

आकाशातला आवाज किती क्षीण असतो, याचा मी एकदा हिशेब केला. एक साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू ठेवला, तर सूर्य वगळता आपल्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी चार-पाच रेडिओ स्रोतांत तो सहज बसेल. चंद्रावरचा! मग नारायणगावच्या बाजारात, टोमॅटोचे भाव विचारत एकाच वेळी बोलणारे शेकडो मोबाईल काय करत असतील? म्हणून दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवायला सांगतात, आणि या पट्ट्यात मनोरे उभारताना, उद्योग आणताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावचा मार्ग दुर्बिणीमुळे बदलावा लागत असल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा इथल्या लोकांना ते रुचलं नाही. रुचेल कसं? गाडीची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या आहेत.

पण फोनची गोष्ट रेल्वेइतकी अडलेली नाही. केबलवाल्याचं २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झचं यंत्र दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्याच्या वर आहे. खोडदच्या दृष्टीनं ते ९०० मेगाहर्ट्झच्या मनोऱ्यापेक्षा कितीतरी बरा शेजारी. पथ्य एकच: यंत्राला वीज देणारा अडॅप्टर स्वस्तातला नको. असले अडॅप्टर, काही एलईडी दिवे, वीजतारांच्या सैल जोडांतल्या ठिणग्या, हे सगळे खालच्या लहरींत खरखर सोडतात आणि दुर्बिणीला फार छळतात. शिवाय खुद्द दुर्बिणीनं काय केलंय पाहा. तिच्या थाळ्यांकडून मध्यवर्ती इमारतीत येणारे संकेत जमिनीखालच्या प्रकाशतंतूंतून येतात. गावापर्यंत तंतू आणि शेवटच्या मैलाला वरच्या लहरी, हाच मार्ग या दोन तालुक्यांना मला सोयीचा दिसतो. भारतनेटचा तंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहेच.

कायद्याचंही बोलायला हवं. इंटरनेटवरच्या फोनला आपल्याकडे १ एप्रिल २००२ ला परवानगी मिळाली, पण अर्धीमुर्धी: संगणकावरून परदेशातल्या फोनला बोला, देशातल्या साध्या फोनला नाही! मुलगा अमेरिकेत असेल तर स्वस्त, मंचरला असेल तर महाग. परवानाधारक कंपन्यांना देशांतर्गत फोनशी जोडून अशी सेवा द्यायला २०१८ मध्ये मोकळीक मिळाली. तोवर २०१६ मध्ये जिओ आलं होतं आणि त्यांच्या फोर-जीवरचा प्रत्येक कॉल मुळात पाकिटांचाच होता, कोणाच्या लक्षातही न येता. आमच्या केबलवाल्यानं स्वतः नंबर वाटायचे म्हटले तर चालणार नाही, त्याला परवाना लागतो. परवाना असलेल्या कंपनीचा भागीदार म्हणून तो सेवा देऊ शकतो.

"पण व्हॉट्सअॅपवर बोलतातच की लोक," तो म्हणाला. "मग मी नंबरचा फोन कशाला देऊ?"

मी त्याला माळीणची आठवण दिली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. बाहेर खबर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीसारखी बस घेऊन गेला आणि गाव जागेवर दिसेना. फोन असता तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. दरड तेवढा वेळ देत नाही. पण दरडीच्या आधी तडे दिसतात, सर्पदंश होतो, बाळंतीण अडते, बिबट्या गोठ्यात शिरतो. तेव्हा व्हॉट्सअॅपवरून ११२ किंवा १०८ लागत नाही. त्याला नंबरचाच फोन लागतो, आणि तो फोन कुठल्या वाडीतून येतोय हेही पलीकडे कळावं लागतं. वाडीतलं यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं आणि पत्ता जुनाच राहिला, तर रुग्णवाहिका भलतीकडे जाणार. ही नोंद ठेवण्याचं काम कंपनीपेक्षा गावातला माणूसच नीट करील.

आणि जुन्या काळ्या फोनला एक गुण होता, तो आपण विसरलो. त्याची वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच यायची, अठ्ठेचाळीस व्होल्ट. गावातली लाईट गेली तरी फोन जिवंत. इथे टेकडीवरचं यंत्र, मधला दुवा, घरातला डबा, तिन्हींना वेगवेगळी वीज हवी. तिन्हींतलं एक विझलं की फोन मेला, आणि वीज जाते ती नेमकी वादळात, जेव्हा फोन हवा असतो.

"मग बॅटरी किती तासांची टाकू?" त्यानं खिशातून वही काढत विचारलं.

मी म्हटलं, "गेल्या पावसाळ्यात तुमच्याकडे सलग किती तास लाईट नव्हती, ते आधी सांगा."

तो हसला. "तास नका विचारू काका. दिवस विचारा."