कैदेंतील व्यसनी आणि औषधोपचार

अफूचें व्यसन हा अपराध मानावा कीं रोग, हा वाद जुना आहे. ज्या मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणी कुटुंबांचा मोठा भरणा होता, तेथें एके काळीं कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत; त्यांना कोणी अपराधी म्हटलें नाहीं. पुढें अफूपासून बनविलेलें हेरॉइन आणि त्याचा अशुद्ध प्रकार ‘गर्द’ यांचा प्रसार झाला, आणि व्यसनी मनुष्याला दवाखान्याआधीं पोलीस ठाणें दिसूं लागलें.

समजा, मालवण बंदरांत होडीवर राबणारा एखादा तरुण गर्दच्या पुडीसह पकडला गेला. शेवटच्या सेवनानंतर सहा ते बारा तासांतच त्याचें अंग मोडून येतें, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हा त्रास शिगेस पोहोंचतो आणि आठवड्याभरांत बहुतेक ओसरतो. मेंदूंतील ज्या स्थानांवर अफूचा अंमल बसतो, तीं स्थानें नित्याच्या सेवनामुळें तिच्यावांचून काम करीनाशीं झालेलीं असतात. म्हणून ही तगमग. ती शमली कीं पाहणारास वाटतें, तुरुंगानें व्यसन सोडविलें.

ही समजूत घातक आहे. ओढ कायम राहते, परंतु शरीराची सहनशक्ति मात्र उतरलेली असते. सुटल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मनुष्य दगावतो. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत सुटलेल्या कैद्यांची जी पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनें मरण्याचा त्यांचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट आढळला. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी डागडुजी केल्यावांचून कोणी समुद्रांत लोटीत नाहीं. मनुष्याला मात्र तसें लोटलें जातें.

ही डागडुजी औषधानें होते. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन हीं औषधें मेंदूंतील त्याच स्थानांवर बसतात. परंतु योग्य मात्रेंत घेतल्यास नशा न आणतां तगमग व ओढ शमवितात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला. दिल्लीच्या तिहार कारागृहांत बुप्रेनॉर्फिनचा उपचार २००८ सालीं सुरू झाला. ही गोळी जिभेखालीं विरघळवितात. एका व्यसनाच्या जागीं दुसरें दिलें, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु ज्याचें चित्त ठिकाणावर राहतें आणि ज्याला कामावर जातां येतें, त्याला व्यसनी न म्हणतां रुग्णच म्हटलें पाहिजे.

कायद्यानेंही ही वाट मोकळी ठेविली आहे. मादक द्रव्यांसंबंधींच्या १९८५ च्या कायद्याच्या ६४-अ कलमान्वयें, केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाणांतील द्रव्याचा आरोप असलेला व्यसनी सरकारमान्य संस्थेंत स्वखुशीनें उपचार घेईल, तर त्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट सोडल्यास हें संरक्षण काढून घेतां येतें. हेरॉइनच्या बाबतींत अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत, अफूच्या बाबतींत २५ ग्रॅमपर्यंत. अपराध शाबीत झाल्यावरही ३९ व्या कलमान्वयें न्यायालयाला शिक्षा न देतां, आरोपीच्या संमतीनें व जामीनपत्रावर, त्यास उपचारासाठीं सोडतां येतें. व्यापार करणारास मात्र ही सवलत नाहीं.

महाराष्ट्रांत या कार्याचा पाया डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ स्थापून घातला. समूहांत मोकळेपणीं बोलणें आणि कुटुंबाचा सहभाग यांवर तेथें भर राहिला. कारण औषध शरीर सांवरतें, पण मन सांवरण्यास माणसें लागतात.

म्हणून मालवणच्या त्या तरुणाच्या आईनें वकिलास पहिला प्रश्न जामिनाचा विचारावा. परंतु दुसरा प्रश्न उपचाराचा असावा. आणि तो घरीं परतेल तेव्हां त्याचें औषध एक दिवसही खंडित होऊं नये, एवढी दक्षता घरानें घेतली, तर सुटकेचा दिवस त्याच्या जिवावर बेतणार नाहीं.